आहेराची वही आणि माझा खोकला

मला खोकला झाला तेव्हा पहिले चार दिवस तो माझा एकट्याचा होता. पाचव्या दिवशी तो सोसायटीचा झाला.

कोरडा, खरखरीत खोकला. कफ नाही, ताप नाही. घशात कुणीतरी मोरपीस फिरवतंय असं वाटायचं आणि मग गाडी सुरू. रात्री अकरानंतर त्याला विशेष रंग चढायचा. वरच्या मजल्यावरच्या देशमुखवहिनी सकाळी लिफ्टमध्ये विचारायच्या, “काल दोनला थांबला ना?” मी म्हणायचो, “नाही हो, सव्वादोनला.” हिशेबात चूक राहिलेली मला चालत नाही. चौतीस वर्षं सहकारी बँकेत कर्ज विभागात काढली आहेत.

मग औषधांची रांग लागली. ज्येष्ठमधाची कांडी, अडुळशाचा काढा, सितोपलादि मधातून, भाजलेली लवंग, आल्याच्या वड्या. तळमजल्यावरच्या जोशींनी सगळा दोष कबुतरांवर टाकला. २०२५ साली मुंबईत दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, तेव्हापासून आमच्या चिंचवडमध्येही कबुतर हा पक्षी राहिलेला नाही, निदान झालेला आहे. जोशी रोज सकाळी माझ्या बाल्कनीखाली उभे राहून वर बघायचे आणि कबुतरं मोजून मला आकडा सांगायचे.

तीन महिने झाले तेव्हा सगळ्यांचं एकमत झालं की आता छातीच्या डॉक्टरला दाखवा. एकमत इथंच संपलं.

मुळात ‘छातीचा डॉक्टर’ म्हटलं की अर्ध्या लोकांनी मला हृदयवाल्यांची नावं दिली. छाती म्हणजे हृदय अशीच आपली समजूत. फुफ्फुसं तिथे भाडेकरूसारखी राहतात, त्यांच्या नावाची पाटीही कुणी लावत नाही. आणि जिथे लावतात, तिथे ‘क्षयरोग व छातीविकार तज्ज्ञ’ असं लिहितात. बायको म्हणाली, “त्या पायऱ्या चढताना कुणी पाहिलं तर?” मी म्हटलं, पाहणारा तिथे काय भाजी घ्यायला आलेला असेल का? पण तिचा मुद्दा मला आतून पटला होता.

मग शिफारशी. एकाने सांगितलं, “फार मोठा डॉक्टर. तीन-तीन तास बसवतो.” दुसऱ्याने सांगितलं, “त्याच्याकडे अजिबात गर्दी नसते, लगेच नंबर लागतो,” आणि त्या क्षणी तो डॉक्टर माझ्या मनातून उतरला. “तो जास्त बोलतच नाही,” असं एकजण म्हणाला, म्हणजे हुशार. “तो खूप तपासण्या करायला लावतो,” हे एकाने तक्रार म्हणून सांगितलं आणि दुसऱ्याने कौतुक म्हणून, डॉक्टर एकच. माझी स्वतःची पद्धत बँकेची. पाटीवरची अक्षरं मी तारणासारखी वाचतो. डी.टी.सी.डी. म्हणजे क्षय आणि छातीच्या रोगांची पदविका, त्याच्यावर एम.डी., त्याच्याही वर डी.एम. पण तारण कितीही भक्कम असलं तरी कर्ज बुडतं, हेही मी चौतीस वर्षं पाहिलेलं आहे.

या सगळ्यात एप्रिल आला. मुलीकडे न्यू जर्सीला सहा महिने जायचं तिकीट आधीच काढलेलं होतं. “हवापालट होईल,” असं म्हणत सगळ्यांनी आम्हाला निरोप दिला. देशमुखवहिनींनी जरा जास्तच मनापासून दिला.

विमानात माझ्या शेजारच्या माणसाने अबुधाबीपर्यंत मास्क लावला आणि अबुधाबीनंतर जागा बदलली.

आमचे जावई निनाद एका विमा कंपनीत जोखीम मोजतात. मुलगी पाहायला घरी आले होते तेव्हा पोहे खाता खाता त्यांनी विचारलं होतं, “जिन्याला बावीस पायऱ्या आहेत, कठडा मात्र एकोणिसाव्यापर्यंतच. कुणी पडलं नाही ना अजून?” अशा माणसाच्या घरात खोकून राहणं सोपं नाही. तिसऱ्या दिवशी रात्री त्यांनी लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. एक्सेलचा तक्ता. डावीकडे एडिसन गावाच्या आसपासचे फुफ्फुसाचे डॉक्टर, तेवीस नावं. पुढे रकाने. घरापासून किती मैल. शिक्षण कुठे झालं. तिकडे आधी तीन वर्षं सगळ्या रोगांचं वैद्यक, मग आणखी दोन-तीन वर्षं फुफ्फुसं आणि अतिदक्षता, मग बोर्डाची परीक्षा. ती पास आहे की नाही, हे कुणालाही घरबसल्या पाहता येतं. पुढे लोकांनी दिलेले तारे. एका डॉक्टरला पाच तारे होते, कारण गाडी लावायला मुबलक जागा होती. एकाला एकच तारा, कारण स्वागतकक्षातली मुलगी हसली नव्हती. आणि शेवटच्या रकान्याला मथळा होता, ‘जेवण’.

“बाबा, या डॉक्टरीणबाई शिक्षणाने उत्तम आहेत. पण गेल्या वर्षी त्यांनी एक्केचाळीस वेळा जेवण घेतलंय.”

“घेणारच की. मी तर सातशे तीस वेळा घेतो.”

“औषध कंपन्यांकडून, बाबा.”

आणि त्यांनी सरकारी पान उघडून दाखवलं. ‘ओपन पेमेंट्स’. डॉक्टरचं नाव टाकायचं, की कुठल्या कंपनीने, कुठल्या तारखेला, कुठल्या औषधाच्या निमित्ताने, काय आणि कितीचं दिलं याची यादी येते. १४ मार्च, जेवण व पेय, अमुक इनहेलर, १७ डॉलर ३२ सेंट. ते बत्तीस सेंट मला फार लागले. आपल्याकडे कोट्यवधींचे घोटाळेसुद्धा ‘सुमारे’ लावून सांगतात. इथे सँडविचमधल्या कोबीच्या पानाचीही सरकारदरबारी नोंद.

बाईंची वर्षाची बेरीज होती ६९४ डॉलर. शेजारी त्याच विषयातल्या बाकीच्या डॉक्टरांचं सर्वसाधारण काय असतं तेही दिलेलं. म्हणजे आपली बाई पंक्तीत कुठे बसते तेही कळतं.

निनादरावांनी मला इतिहास सांगितला. जावई सांगत असताना उठता येत नाही, त्यामुळे मी तो नीट ऐकला. २००७ साली आयोवाचे चक ग्रासली आणि विस्कॉन्सिनचे हर्ब कोल, एक रिपब्लिकन आणि एक डेमोक्रॅट, अशा दोन सिनेटरांनी विधेयक आणलं, की औषधं आणि यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांनी डॉक्टरांना जे जे दिलं ते उघड करावं. ते मागे पडलं. पुढे २०१० साली ओबामांच्या आरोग्य कायद्यात ते घुसलं, आणि ३० सप्टेंबर २०१४ ला पहिली यादी लोकांसमोर आली. नोंद कंपनीने करायची. डॉक्टरला ती तपासायला आणि हरकत घ्यायला ४५ दिवस. तीन कप्पे असतात. एकात जेवणं, प्रवास, सल्ल्याची फी, भाषणाचं मानधन. दुसऱ्यात संशोधनाचे पैसे. तिसऱ्यात डॉक्टरची कंपनीतच असलेली भागीदारी. रुग्णांना वाटायला दिलेली नमुन्याची औषधं धरत नाहीत. आणि फारच किरकोळ असेल तर तेही सोडून देतात. ही मर्यादा सुरुवातीला १० डॉलर होती, महागाईबरोबर वाढत आता १३ च्या वर गेली आहे. मात्र एकाच कंपनीची अशी किरकोळ देणी वर्षात एकशेतीस-चाळीस डॉलरच्या पुढे गेली, की सगळी लिहावी लागतात.

“अहो, ही तर आहेराची वही!” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

मला वाटतं, अमेरिकेच्या त्या कायद्याचं याहून नेमकं वर्णन ग्रासलीसाहेबांनाही जमलं नसतं. आमचं लग्न १९८४ चं. माझे धाकटे मामा व्यासपीठाच्या कडेला लाल पुठ्ठ्याची वही घेऊन बसले होते. जेवायलाही उठले नाहीत, ताट तिथेच मागवलं. नाव, गाव, वस्तू, रक्कम. ‘कुलकर्णी, मिरज, स्टीलचा डबा, पाच किलोचा.’ ‘पाटील सर, रोख ११.’ ‘भिंतीवरचं घड्याळ (पाचवं).’ ती वही आजही आमच्या लोखंडी कपाटात दागिन्यांच्या कप्प्यात आहे, आणि दागिन्यांपेक्षा जास्त वेळा बाहेर येते. कुणाच्या घरचं कार्य निघालं की आधी वही उघडायची, त्यांनी आपल्याला काय घातलं होतं ते बघायचं, त्यात महागाई मिळवायची आणि मग पाकिटात नोटा घालायच्या. आणि वर प्रत्येक पत्रिकेत छापलेलं असतं, ‘कृपया आहेर आणू नये.’ ते वाचून पाकीट घरी ठेवून गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

“आम्ही जेवतो, पण त्याचा औषध लिहिण्यावर काही परिणाम होत नाही,” असं तिथले डॉक्टर म्हणतात, हे निनादरावांनी सांगितलं तेव्हा मी त्यांची बाजू घेतली. माणूस सतरा डॉलरच्या सँडविचला विकला जातो का? सहा-सहा, सात-सात वर्षं घासून शिकलेला माणूस? मी स्वतःचं उदाहरण दिलं. चौतीस वर्षं कर्जाच्या फायली हातून गेल्या, कुणाचा एक रुपया घेतला नाही. दिवाळीला मिठाईचे डबे यायचे, ते सगळ्यांकडेच यायचे. डायरी, कॅलेंडर, सुक्यामेव्याची पेटी. पण त्याने माझ्या एका सहीतही फरक पडला नाही.

बायको हात पुसत बाहेर आली.

“शहाण्णव साल,” ती म्हणाली. “तो खडी क्रशरवाला. दोन किलो काजूकतली. त्याचं कर्ज जानेवारीत झालं.”

“त्याचे कागद पूर्ण होते!”

“आणि त्याच दिवाळीला तो पिठाच्या गिरणीवाला आला होता. त्याचेही कागद पूर्ण होते, तुम्हीच सांगितलं होतं. त्याने घरचा चिवडा आणला होता, पिशवीत. त्याचं मार्चअखेर झालं.”

मी म्हटलं, त्याच्या सातबाऱ्यावर एक नोंद राहिली होती. असेल. नसेलही. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पण तो चिवडा मला आठवला. जरा मऊ पडलेला होता. आणि काजूकतलीही आठवली. तिच्यावर वर्ख होता.

निनादराव खाली मान घालून टाइप करत होते. मला संशय आहे की त्यांनी तक्त्यात माझ्या नावाची एक ओळ घातली.

त्यांनी सांगितलं, यावर अभ्यास झालेला आहे. २०१६ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात पावणेतीन लाखांहून जास्त डॉक्टरांची माहिती तपासून एक निबंध आला. सरासरी वीस डॉलरच्या आतलं एकच जेवण ज्यांनी घेतलं होतं, त्यांच्या चिठ्ठ्यांवर त्या कंपनीचं महागडं ब्रँडचं औषध न जेवलेल्यांपेक्षा जास्त वेळा दिसलं. जेवणं वाढली तसं प्रमाणही वाढलं. लिहिणाऱ्यांनी प्रामाणिकपणे हेही नमूद केलं, की हा संबंध आहे, कारण-परिणाम सिद्ध झालेला नाही. जेवला म्हणून औषध लिहिलं, की औषध आवडत होतं म्हणून जेवायला गेला, ते या आकड्यांतून कळत नाही. आमच्या बँकेत याला म्हणायचे, संचालकांचा मेहुणा म्हणून कर्ज मिळालं की कर्ज मिळालं म्हणून मेहुणा झाला.

आपल्याकडे यासाठी अभ्यासाची गरजच पडली नसती. ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ हा वाक्प्रचार आपण सद्गुण म्हणून शाळेत शिकवतो. पाच गुणांना येतो.

रात्री झोप नव्हतीच, खोकत पडल्या पडल्या मला आपल्याकडचे दवाखाने आठवले. दुपारी एकच्या सुमाराला काळी बॅग घेऊन, मे महिन्यात गळ्याला टाय बांधून भिंतीला टेकलेले औषध कंपन्यांचे पाच एम.आर. दर तीन पेशंटांमागे एक आत जाणार, दीड मिनिटात हसत बाहेर येणार. आणि आतल्या वस्तू. कॅलेंडर एका कंपनीचं, पेन दुसरीचं, टेबलावरचं फुफ्फुसाचं प्लास्टिकचं मॉडेल तिसरीचं, डाव्या फुफ्फुसावर तिचं नाव छापलेलं. लहान असतो तर मला वाटलं असतं, माणसाच्या फुफ्फुसावर जन्मतःच असं काही लिहिलेलं असतं.

म्हणजे आपल्याकडे नियम नाहीत असं कुणी समजू नये. नियम भरपूर आहेत. डिसेंबर २००९ मध्येच तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांना कंपन्यांकडून भेटी, प्रवास, पाहुणचार, रोख रक्कम घ्यायला मनाई केली. पत्रिकेवर छापलं, आहेर आणू नये. पुढे काय झालं त्याची कथा माझ्यातल्या बँकवाल्याला फार आवडते. पौष्टिक गोळ्या विकणाऱ्या एका कंपनीने डॉक्टरांना सोन्याची नाणी, टीव्ही, फ्रिज, लॅपटॉप असं काय काय वाटलं, आणि तो सगळा खर्च धंद्याचा खर्च म्हणून आयकरातून वजा मागितला! युक्तिवाद असा, की नियम डॉक्टरांना आहे, कंपनीला नाही. घेणाऱ्याने घेऊ नये, पण देणाऱ्याने का देऊ नये? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २२ फेब्रुवारी २०२२ ला न्यायमूर्ती उदय लळीत आणि रवींद्र भट यांनी ही वजावट नाकारली, आणि फ्रिजचे पैसे शेवटी औषधाच्या किमतीतून पेशंटच्याच खिशातून जातात, तेव्हा याला फुकट म्हणू नका, असंही बजावलं. मला त्या कंपनीच्या अकाउंटंटला एकदा भेटायचं आहे. फ्रिज त्याने कुठल्या खात्यावर नावे टाकला असेल? ‘प्रचार’? ‘शीतगृह’?

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने कंपन्यांसाठीही नवी संहिता काढली. आता भेटवस्तू बंद, परदेशी सहली बंद, आठवण राहावी म्हणून द्यायच्या डायरी-कॅलेंडरसारख्या वस्तू एक हजार रुपयांच्या आत. पण डॉक्टरचं नाव टाकलं आणि जेवणं बाहेर आली, अशी वही आपल्याकडे नाही. आपली वही मामांकडे आहे आणि मामा कपाटाची किल्ली देत नाहीत.

काही माणसं मात्र स्वतःच वही उघडतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचवाच्या दंशावरच्या उपचारांसाठी जगाला माहीत असलेले. त्यांनी एका पेशंटला एमआरआय काढायला पाठवलं, तर तपासणी केंद्राकडून त्यांना १२०० रुपयांचा चेक आला. पेशंट पाठवल्याबद्दल. त्यांनी तो खिशात न घालता मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. ‘कट’ या विषयावर आपल्याकडे इतकी वर्षं बोलत होते सगळे, पण चेकने कट देण्याइतका निरागस मनुष्य आणि तो परत फिरवण्याइतका खमका मनुष्य एकाच व्यवहारात भेटणं दुर्मीळ.

असो. न्यू जर्सीतला प्रश्न कुठला डॉक्टर निवडायचा हा होता.

तेवीसातून तीन उरले होते. पहिले गृहस्थ निष्कलंक. पाच वर्षांत एकही जेवण नाही. निनादरावांचे डोळे पाणावले. फोन केला तर पहिली तारीख मिळाली ऑक्टोबरमधली. आमचं परतीचं तिकीट सप्टेंबरचं. दुसऱ्या गृहस्थांच्या नावावर एका वर्षात सल्ला आणि भाषणं मिळून साठ हजारांवर डॉलर, शिवाय संशोधनाच्या कप्प्यात मोठी रक्कम. निनादराव म्हणाले, बाद. मुलगी म्हणाली, “का बाद? संशोधनाचे पैसे त्याच्या खिशात नाही जात, इस्पितळातल्या चाचणीला जातात. नव्या औषधाची चाचणी कुणीतरी घ्यायलाच हवी ना? ज्याला त्यातलं कळतं त्यालाच विचारणार.” निनादराव म्हणाले, “संशोधनाचं ठीक. भाषणाचं काय?” त्यावर दोघांचं जे सुरू झालं त्यात माझा खोकला बराच मागे पडला. आणि तिसऱ्या त्या एक्केचाळीस जेवणांच्या बाई. त्यांच्याकडे पुढच्याच गुरुवारी सव्वादहाची वेळ रिकामी होती.

अशा रीतीने पंधरा रकान्यांच्या तक्त्यातून मी गुरुवार निवडला.

फी ऐकल्यावर खोकला आपोआप थांबला, पण तो अर्धाच मिनिट. प्रवासी विम्याचे नियम निनादराव तोंडपाठ सांगत होते, त्याचं तात्पर्य एवढंच की पैसे आपल्यालाच द्यायचे. मग एका खोलीत नेऊन माझ्या नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली, आणि एक सहा फुटी तंत्रज्ञ माझ्यासमोर उभा राहून ओरडू लागला, “ब्लो! ब्लो! ब्लो! कीप गोइंग! कीप गोइंग! डोन्ट स्टॉप!” आयुष्यात मला एवढं प्रोत्साहन कुणी दिलेलं नाही. दहावीलाही नाही. माझी हवा संपली होती, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, तरी तो माणूस माझ्याकडून आणखी हवा निघेल यावर विश्वास ठेवून होता. असं तीनदा. निरोगी माणूस छातीभर घेतलेल्या श्वासातला सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांवर भाग पहिल्याच सेकंदात बाहेर फेकतो म्हणे. दम्याच्या माणसाची नळी आखडलेली, त्याला वेळ लागतो. माझा पहिला सेकंद उत्तम निघाला. वसुली चांगली होती, थकबाकी नाही.

मग बाई आल्या. साठीच्या, बारीक, पायात पळायचे बूट. खुर्ची ओढून माझ्या गुडघ्यासमोर बसल्या. सिगरेट? नाही. कामात धूळ? फायलींची. छातीत जळजळ? नाही. घरात पक्षी, पिसांची उशी? मी अभिमानाने कबुतरांचा ताजा आकडा सांगितला. जोशी व्हॉट्सअॅपवर पाठवत होते. बाईंनी तो लिहून घेतला.

“गोळ्या कुठल्या घेता?”

बायकोने पर्समधून चेनवाली प्लास्टिकची पिशवी काढली. पाच पाकिटं, प्रत्येकाला रबर. बाईंनी एकेक पाकीट उजेडाकडे धरून चष्मा कपाळावर सरकवून वाचलं. आपल्याकडची ब्रँडची नावं त्यांना अर्थातच कळेनात. पण खाली मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत मूळ औषधाचं नाव असतं. चौथ्या पाकिटावर त्या थांबल्या. रामिप्रिल. रक्तदाबाची.

“ही कधीपासून?”

“नवरात्रापासून,” बायको म्हणाली.

“आणि खोकला?”

“दिवाळीपासून.”

दोन सणांमधलं अंतर त्या बाईंना काय ठाऊक असणार? मुलीने सांगितलं, “तीन-चार आठवडे.” बाईंनी पेन खाली ठेवलं.

या जातीच्या गोळ्या शरीरातलं एक विकर अडवतात, त्यामुळे रक्तदाब उतरतो. पण तेच विकर ब्रॅडिकायनिन नावाचा एक पदार्थही मोडत असतं. तो मोडायचा थांबला की साठत जातो आणि काही लोकांच्या घशात मोरपीस फिरवत बसतो. जुना, सर्वांना माहीत असलेला दुष्परिणाम. गोळी बदलायची. मनाने बंद करायची नाही, दुसऱ्या जातीची घ्यायची. एक ते चार आठवड्यांत खोकला जाईल, फार तर तीन महिने. त्यांनी लोसार्टन लिहून दिली. फुफ्फुसासाठी काहीच नाही.

गाडीत निनादरावांनी फोनवर शोधून आणखी माहिती दिली. या जातीच्या औषधांचा शोध ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषावरून लागला. त्यातलं पहिलं गोळीचं औषध, कॅप्टोप्रिल, अमेरिकेत १९८१ साली मंजूर झालं.

मागच्या सीटवर बराच वेळ शांतता होती. मग बायको म्हणाली, “म्हणजे सात महिने मी रोज सकाळी चहाबरोबर...?”

“सापाचं नव्हे. सापाच्या विषावरून सुचलेलं.”

“तेच ते,” ती म्हणाली. तिच्या आवाजात पश्चात्ताप नव्हता.

अठराव्या दिवशी रात्री मी सलग सहा तास झोपलो. मुलगी काळजीने दोनदा दार उघडून बघून गेली.

मी निनादरावांना म्हटलं, बघा, एक्केचाळीस जेवणं घातली इनहेलरवाल्यांनी, आणि बाईंनी मला एक फवारासुद्धा लिहून दिला नाही. वाया गेले की ६९४ डॉलर. ते म्हणाले, “बाबा, तुम्हाला इनहेलर लागलाच नाही. लागला असता, तर चार कंपन्यांच्या चार इनहेलरांतला कुठला लिहिला असता, हा प्रश्न आहे. तो तुमच्या केसवरून सुटत नाही.” जावयाचं म्हणणं बरोबर असतं तेव्हा फार त्रास होतो. एक्केचाळीसांतलं एकही जेवण रामिप्रिलवाल्याचं नव्हतं. असतं तर बाईंनी चौथं पाकीट उजेडाकडे इतका वेळ धरलं असतं का? धरलं असतं, असं मला मनापासून वाटतं. त्या दिवाळीला माझ्या सहीत फरक पडला नव्हता, असंही मला मनापासूनच वाटत होतं.

सप्टेंबरअखेर परत आलो. आल्या आल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो, नवी गोळी दाखवायला. चांगला माणूस. नऊ वर्षं जातोय त्यांच्याकडे. मी खुर्चीत बसलो आणि त्यांच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे माझं लक्ष गेलं. निळी तबकडी, आणि मधोमध चौथ्या पाकिटावरचं ब्रँडचं नाव. नऊ वर्षांत त्या घड्याळात मी फक्त किती वाजले ते पाहिलं होतं.

डॉक्टर म्हणाले, “अरे हो, होतो काहींना खोकला त्या गोळीने. मला सांगायचंत की!” मी त्यांना डिसेंबरात दोनदा खोकून दाखवलं होतं. पण सर्दी-खोकल्याचे दिवस, बाहेर चाळीस माणसं. त्यांनी लोसार्टन बदलून टेल्मिसार्टन लिहिली. मी पेन बघायचा प्रयत्न केला. त्यांच्या अंगठ्याखाली नाव झाकलं गेलं होतं.

बायकोने पिशवीतून अमेरिकेतल्या चॉकलेटचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. “अहो, हे कशाला!” असं म्हणत डॉक्टरांनी ते डाव्या ड्रॉवरमध्ये टाकलं. मी पाकिटातून पाचशेची नोट काढली, तर त्यांनी हातानेच नाही म्हटलं. “राहू द्या काका. आजचे नकोत.”

जिना उतरताना बायको म्हणाली, “चॉकलेट कितीला पडलं होतं?”

“बारा डॉलर. तेराच्या आत आहे, लिहावं लागत नाही.”

“मी लिहिते,” ती म्हणाली.